हातात पायमोजे

बसवनगुडीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, ऐन एप्रिलात, एसी बंद करून, हातात लोकरीचे पायमोजे चढवलेल्या दहा-बारा बायका बाकावर ओळीनं बसलेल्या असायच्या. नवा माणूस हे बघून आधी हसायचा आणि मग घाबरायचा. नऊ वर्षांत माझं दोन्ही करून झालं.

पायमोजे अक्कांचे. म्हणजे त्यांच्या पायांतले नव्हेत, पेशंटांसाठी डझनानं आणून ठेवलेले. शरीराचं रक्षण करणारी फौजच उलटून शरीराला चावायला लागते अशा आजारांच्या त्या डॉक्टर. कुणाचे सांधे सुजलेले, कुणाची कातडी चामड्यासारखी घट्ट होत चाललेली, कुणाचे स्नायू गळालेले. यातल्या पुष्कळांची बोटं जरा गारवा लागला की पांढरी पडतात, मग निळी. तशा बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली की यंत्र वाट्टेल ते बरळतं. म्हणून अक्का आधी पेशंटचे हात पायमोज्यांत कोंबायच्या, वर गरम पाण्याचा स्टीलचा लोटा धरायला द्यायच्या, आणि एवढं करूनही चिमटी कानाच्या पाळीलाच लावायच्या. "बोटाला कशाला विचारता रे, ते आधीच रडतंय," म्हणायच्या. एसीवरून त्यांचं आणि मेन्टेनन्सच्या माणसाचं आठवड्यातून एकदा तरी जुंपायचं. दर वेळी तोच हरायचा.

मी इको टेक्निशियन. छातीवर प्रोब धरायचा, पडद्यावर हृदय हलताना बघायचं, मापं घ्यायची, रिपोर्ट टाइप करायचा, डॉक्टर सही करणार. गाव निपाणी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मशीन अडून बसलं आणि मी त्याला तोंडातल्या तोंडात गावरान शिव्या हासडल्या. मागून आवाज आला, "स्वल्प थंड होऊ दे की त्याला. आणि शिव्या मोठ्यानं घाल, मला बी ऐकू देत." मी उडालोच. या बाईंचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बेंगळुरात येऊन इथलंच झालेलं. घरात बोलायचे मराठीच, पण ती इतकी कन्नडात मुरलेली की माझ्यासारख्या सीमेवरच्या माणसालाही मधे मधे थांबावं लागे. "मॅडम बेड," म्हणजे नको, त्या म्हणाल्या, "अक्का म्हण." म्हणायला मी लागलो, पण तो शब्द तोंडातून काढताना भीती काही गेली नाही.

भीती वाटायला कारणं होती. उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र तीन मजले ऐकू जाणारा. रिपोर्ट पटला नाही की तो आमच्या टेबलावर येऊन आदळायचा. जेवणाच्या सुट्टीत बोलावलं तर हातातला घास टाकून पळावं लागे आणि वर गेल्यावर त्या स्वतः शांतपणे दह्यातले अवलक्की, म्हणजे आपले पोहे, खात बसलेल्या असत.

त्यांचा राग एका अवयवावर होता. "सांधे बोंबलतात," त्या सांगायच्या, "कातडी दिसते, मूत्रपिंड लघवीत सापडतं. हृदय मात्र थोरल्या सुनेसारखं. गप सोसतंय, सोसतंय, आणि एक दिवस न सांगता निघून जातंय." या आजारांत हृदयाला केव्हा झळ लागली हे ओळखणं फार अवघड. छातीत कळ येतेच असं नाही. साधा कार्डिओग्राम कित्येकदा साळसूद असतो. आणि दम लागतो असं पेशंट सांगतच नाही, कारण ज्यानं दम लागतो ते काम त्यानं कधीच सोडून दिलेलं असतं. म्हणून अक्का पेशंटला दम लागतो का असं विचारतच नसत. सोबतच्या माणसाला विचारायच्या, "ही गेल्या दिवाळीला काय करत होती, जे आता करत नाही?" माणसं गांगरून म्हणायची, काही नाही, सगळं करते. अक्का थांबून राहायच्या. मग हळूच निघायचं. आता केस दुसरं कोणी विंचरून देतं. गच्चीवर कपडे वाळत घालायला जात नाही. गाणं म्हणायची, ते सोडलं.

महादेवपुऱ्यातल्या कुठल्याशा कंपनीतली एक पुण्याची मुलगी आली होती. लूपसची, म्हणजे त्याच उलटलेल्या फौजेची पेशंट. मनगटावर घड्याळ, घड्याळात सगळ्या आयुष्याचे आलेख. "ॲक्चुअली माझे सगळे पॅरामीटर्स फाइन आहेत," ती म्हणाली. अक्कांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. "झोपतेस कशी ग?" "रिक्लायनरमध्ये. लोअर बॅकसाठी बरं पडतं." अक्कांनी तिला तपासायच्या पलंगावर उताणी झोपवली. अर्ध्या मिनिटात तिचा चेहरा आवळला. पुढं वाकून बसवली, सैल झाला. "कंबर नव्हे ती," अक्का म्हणाल्या आणि तिला माझ्याकडे पिटाळलं. हृदयाभोवती बोटभर पाणी साठलेलं मी पाहिलं आणि प्रोब हातात धरूनच अक्कांना फोन लावला.

चुकायच्याही. एका निवृत्त बँकवाल्या काकांना, ते जिना टाळतात एवढ्यावरून, चार वेळा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं, शिवाय स्वतः त्यांच्याबरोबर चढल्या, वाटेत बोलत, वाक्य कुठं तुटतं ते मोजत. तीन महिने तपासण्या. शेवटी निघाला तो साधा झिजलेला गुडघा. अक्कांनी त्यांची हात जोडून माफी मागितली, सगळ्या ओपीडीदेखत. मला तेव्हा ते नाटकी वाटलं होतं. माणसानं एवढं वाकू नये, असं माझं मत होतं.

माझं असंच असायचं. अंगात थोडा तोरा होता, तो आता कबूल करून टाकतो. इकोत एक अवघड माप असतं. घट्ट कातडीच्या त्या आजारात, स्क्लेरोडर्मात, फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळत जातात आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याला जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं. तो दाब किती, हे कळायला उजव्या बाजूच्या झडपेतून मागं उलटणारी रक्ताची एक बारीक धार पकडावी लागते. आम्ही तिला जेट म्हणतो. जेट सापडली तर आकडा मिळतो. नाही सापडली तर काहीच कळत नाही. दाब बरा आहे असंही नाही, वाईट आहे असंही नाही. ही जेट पकडण्यात माझा हात धरणारा हॉस्पिटलात कोणी नव्हता. बाकीचे हरले की पेशंट माझ्याकडे आणत. अक्कासुद्धा चारचौघांत म्हणायच्या, "निपाणीवाल्याकडं द्या."

त्यांचा आणखी एक रिवाज होता. जुना इको रिपोर्ट त्या पाकिटात घालून वर पिना मारून पाठवायच्या. नवं माप घेऊन होईपर्यंत जुना आकडा बघायचा नाही. "जुना आकडा बघितला की डोळे तोच शोधतात," म्हणायच्या.

सुनंदा त्यांची तीन वर्षांची पेशंट. चिकोडीकडची, होसकोटेच्या औद्योगिक भागात खोकी बनवायच्या कारखान्यात कामाला. वय चाळिशीच्या आतलं. बोटांची कातडी ताणलेली, ओठ आक्रसून तोंड लहान झालेलं, मोठा घास जात नसे. नवरा टेम्पो चालवायचा. गर्भाशयातल्या गाठीमुळं तिला फार रक्तस्राव होत होता आणि होसकोटेच्या एका नर्सिंग होममध्ये गर्भाशय काढायचं ठरलं होतं. भूल द्यायला हृदय ठीक आहे, असं अक्कांचं पत्र हवं होतं.

अक्कांनी नवऱ्याला नेहमीचा प्रश्न विचारला. "काय न्हाई ओ, सगळं करती," तो म्हणाला. मग डोकं खाजवून, "पाणी तेवढं आता मीच भरतो. आणि देवळात ती खालीच थांबती, पायऱ्या नको म्हणती."

अक्कांनी मला वरून फोन केला. "उजवी बाजू नीट बघ. घाई बेड."

सोमवार होता. दुसरा टेक्निशियन रजेवर, बाहेर सव्वीस पेशंट. सुनंदाच्या छातीवरची कातडी इतकी ताठ की प्रोब बसेना. पाऊण तास मी या कुशीवर, त्या कुशीवर करत राहिलो. जेट सापडली नाही. उजवा कप्पा मला जरा मोठा वाटला, पण डोळे थकले होते. बाहेरून दारावर थापा पडत होत्या. पाकीट टेबलावर होतं. मी नखानं एक पिन उचकटली. गेल्या वर्षीचा दाब, अठ्ठावीस. अगदी चांगला आकडा.

मी अठ्ठावीस टाइप केलं.

आळस नव्हता तो. 'मिळालं नाही' असं माझ्या रिपोर्टात लिहायला मला लाज वाटली, एवढंच.

संध्याकाळी अक्कांनी बोलावलं. रिपोर्ट समोर. "अठ्ठावीस?"

"हो अक्का."

"मोजलास?"

"हो."

चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मग पायऱ्या का चढत नाही ती?"

"रक्त किती जातंय तिचं. अंगात रक्तच नसेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "सरी, ठीक आहे. गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. पत्र देते." आणि लिहायला लागल्या. कुठल्याही यंत्रावर विश्वास न ठेवणाऱ्या त्या बाईनं माझ्यावर ठेवला, आणि मी तिथून जिवावरचं टळल्यासारखा खाली आलो.

मंगळवारी मी कुणाशी धड बोललो नाही. बुधवारी दुपारी दार लावून मशीनमध्ये साठवलेली सुनंदाची चित्रं पुन्हा काढली. दोन कप्प्यांमधला पडदा उजवीकडून दाबला जाऊन सपाट झालेला होता. सोमवारीही तो माझ्यासमोर तसाच होता, मी बघितला नव्हता. आत दाब वाढलेला असताना भूल दिली तर हृदय तिथंच बसू शकतं, हे आमच्या धंद्यात शिपायालाही माहीत असतं. दोनदा मी अक्कांच्या दारापर्यंत गेलो. आत गर्दी होती. गर्दीचं निमित्त करून दोन्ही वेळा परत आलो. इतका भित्रा मी आयुष्यात कधी नव्हतो.

गुरुवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. अक्का व्हरांड्यात उभ्या राहून धुतलेल्या पायमोज्यांवर इस्त्री फिरवत होत्या. मी चपला न काढताच बोललो, "अक्का, सुनंदाचा आकडा मी मोजला नव्हता. जुना बघून लिहिला. पडदा सपाट झालाय."

त्यांनी इस्त्री उभी केली. "किती वाजले?"

"सात वीस."

"तिला आठला घेणार." एवढंच. ना शिवी, ना हाक. त्या वेळेला होसकोटे गाठायचं म्हणजे दीड तास. त्यांनी नर्सिंग होमला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, सर ओटीत आहेत, पहिली केस चाललीय. अक्का कन्नडात म्हणाल्या, पुढची केस थांबवा. मुलगी म्हणाली, पण मॅडम, तुमचंच पत्र आहे फायलीत. "ते पत्र खोटं आहे," अक्का म्हणाल्या. "मीच लिहिलंय, मीच सांगतेय." सर बाहेर आले की सांगते, म्हणून मुलीनं फोन ठेवला.

मग त्यांनी सुनंदाच्या नवऱ्याला लावला. स्पीकर चालू. "कुठं आहे ती?"

"गाऊन घालून बसलीय. आत न्यायला ट्रॉली येतीय म्हनं."

"दे तिला. सुनंदा, काही खाल्लंस?"

"न्हाई ओ. कालपासनं पाण्याचा थेंब न्हाई."

"आता खा. नवऱ्याला पळव खाली, इडली, कॉफी, मिळेल ते आण म्हणावं. सगळ्यांसमोर बसून खा."

"आप्रेशन हाय की ओ मॅडम."

"म्हणूनच. भरल्या पोटी भूल देत नाहीत. तू खाल्लंस की आज तुला कोणी हात लावणार नाही."

"सिस्टर वरडंल."

"वरडू दे."

"पन का?"

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. "तुझ्या हृदयाचा दाब आम्ही मोजलाच नव्हता. मोजल्याशिवाय झोपायचं नाही तू."

आम्ही फोनकडं बघत उभे. पावलं वाजली, भांडं पडलं, कोणीतरी कुणाला तरी हाक मारली. ट्रॉलीची चाकं करकरत आलेली मला स्पष्ट ऐकू आली. नवऱ्याचा धापा टाकत आवाज, "इडली झाली न्हाई अजून, बन मिळालाय!"

"खा!" अक्का ओरडल्या.

"तोंडात जाईना ओ," सुनंदाचा रडवेला आवाज. कोरडा बन, आणि तिचं ते आक्रसलेलं तोंड. अक्कांचा आवाज एकदम खाली आला. "हळू. एवढासा तुकडा कर. कॉफीत बुडव. भिजू दे. आता घाल. चाव. गिळ. शाणी माझी. दुसरा."

आम्ही दोघं तिचं चावणं ऐकत होतो. मी देवाचं नाव घेणारा माणूस नव्हे, पण त्या वेळी प्रत्येक घासाला माझ्याही गळ्यातून काहीतरी उतरत होतं. मग एक बाई किंचाळली, "एनम्मा, एन माडतिद्दीया!" काय करतेस ग हे! आणि फोन बंद पडला.

वीस मिनिटांनी सर्जनचा फोन आला. तो इतका ओरडत होता की अक्कांनी फोन कानापासून लांब धरला, पण एक शब्द न चुकवता सगळं ऐकून घेतलं. "सरी डॉक्टर," त्या शेवटी म्हणाल्या, "चूक माझ्याकडची. पेशंट आज माझ्याकडं पाठवा." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला ते जास्त लागलं.

दुपारी सुनंदा आली. "तूच कर," अक्का म्हणाल्या, आणि माझ्या खांद्याशी खुर्ची घेऊन बसल्या. सव्वा तास लागला. शेवटी बरगड्यांच्या खालून, श्वास रोखून धरायला लावून, जेट सापडली. दाब बहात्तर.

अक्का उठल्या. "आता तिला तू सांग. मी नाही सांगणार."

सुनंदा पलंगावर उठून बसली होती, हातात अजून पायमोजे. मी सगळं सांगितलं. पाकीट, पिन, अठ्ठावीस. बोलताना मी भिंतीकडं बघत होतो.

"मंजी आज मी मेली असती?"

"कदाचित."

"कदाचित मंजी?"

मी अक्कांकडं पाहिलं. त्या मदतीला आल्या नाहीत. "बहुतेक," मी म्हणालो.

तिनं एकेक पायमोजा काढला, घडी करून उशाशी ठेवला आणि अक्कांना म्हणाली, "ह्यांच्या हाताखाली मी परत झोपणार न्हाई."

मला वाटलं, अक्का माझ्यासाठी एक शब्द तरी बोलतील. पाऊण तास खपला होता बिचारा, आपणहून येऊन सांगितलं त्यानं, असं काहीतरी. "सरी," अक्का म्हणाल्या. सुनंदा दारापर्यंत गेली आणि वळली. "पन दुसरं कोण मशीनवर बसलं तर ह्यांनी बाजूला हुबं राहायचं. खोटं कसं लिवत्यात, ते ह्यांना ठावं हाय."

अक्कांनी तिची फाइल उघडली आणि ते वाक्य पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं, जसंच्या तसं.

पुढं हृदयाच्या हॉस्पिटलात मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून दाब पक्का मोजला, निदान तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. रक्तस्राव ऑपरेशनशिवाय औषधांवर आटोक्यात आला. मला तीन महिने मशीनवरून उठवलं. परत आल्यावर अक्कांनी त्या गुरुवारचा विषय कधीच काढला नाही. फक्त निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक रिपोर्टावर बोट ठेवून विचारायच्या, "मोजलास?" आणि मोजलेलं असूनही दर वेळी मी मशीनवर जाऊन आकडा पुन्हा बघून यायचो.

अक्का जाऊन दोन वर्षं झाली. त्या गेल्या तेव्हा मी रडलो, आणि मग मनात आलं, आता कोणी विचारणार नाही. त्याचं बरं वाटलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुनंदा येते, दर वर्षी. मशीनवर आता एक नवी मुलगी असते, हाताची चांगली पण उतावळी. फाइलचं पहिलं पान वाचून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, तेव्हा मी काही न बोलता बाजूला जाऊन उभा राहिलो. जेट सहजी सापडत नाही. वीस मिनिटं होतात, पंचवीस होतात, बाहेर थापा पडायला लागतात, मुलगी चुळबुळते. मी म्हणतो, अजून शोध. सुनंदा डाव्या कुशीवर पडून असते. तिचे डोळे पडद्याकडं नसतात. ती सगळा वेळ माझ्या तोंडाकडं बघत असते.